डब्यातले सतरा चमचे

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये डोंगरकड्याचं एक पत्र होतं. लिहिणारी मुलगी नांदेडच्या कॉलेजात शिकते. दादाजानचा इंतकाल होऊन वर्ष झालं. त्यांच्या लोखंडी पेटीत बिस्किटांच्या जुन्या डब्यात चांदीचे सतरा चमचे निघाले. वडील आणि चाचा ते सराफाकडे मोडीत द्यायला निघाले आहेत. तिला ते ठेवावेसे वाटतात. तिचे प्रश्न असे होते : हे खरंच चांदीचे आहेत का? जुने असतील तर किंमत जास्त येते का? घरात ठेवणं जायज आहे का? यांची जकात द्यायची का? आणि शेवटी, बहुधा नंतर आठवलं म्हणून, वेगळ्या शाईने लिहिलेलं एक वाक्य : ‘फुफूला अजून कुणी सांगितलेलं नाही.’

आम्हाला हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नांदेडला जायचंच होतं, वाटेत डोंगरकड्याला उतरलो. पत्रातून चमचा ओळखता येत नाही, तो हातात घ्यावा लागतो.

त्याआधी एक शंका दूर करू. हळदीच्या आणि केळीच्या या पट्ट्यात, कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात विलायती चमचे कुठून आले? उत्तर फार लांब नाही. हिंगोली म्हणजे आज आपल्याला १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. पण एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला लष्करी छावणी होती. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणारी ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज तिथे असे. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर, या तिच्या इतर छावण्या. याच फौजेच्या पगारापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी सैन्यात मिसळली आणि हिंगोलीची छावणी उठली. साहेबाची बदली झाली की त्याच्या घरातलं सामान तिथेच विकायचं, ही त्या काळची सर्रास रीत. खुर्च्या, आरसे, कपबश्या, काटे-चमचे कुणी लिलावात घ्यायचं, काही खानसाम्याला बक्षीस म्हणून मिळायचं. डोंगरकड्याच्या या घरात अशी आठवण सांगतात की दादाजानचे दादा हिंगोलीला साहेबाच्या बावर्चीखान्यात होते. कागद एकही नाही. पण चमचे स्वतःच बरंच बोलतात.

आम्ही सराफी भिंग सोबत नेलं होतं. अम्मीने, म्हणजे मुलीच्या दादीने, चटईवर पांढरा दुपट्टा पसरला आणि डबा त्यावर उपडा केला. मुलीचे वडील जरा अंतरावर बसले होते. ते म्हणाले, “भाईसाब, सराफ म्हणाला, चारशे ग्रॅमच्या वर भरतील. भाव बघा आजचा.” भावाबद्दल ते चुकीचं बोलत नव्हते. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या बरीच पुढे गेली आणि गावोगावच्या घरांतून वाळे, तोडे, पानदान, अत्तरदाण्या सराफाच्या मुशीत गेल्या. ज्याच्या घरात लग्न किंवा दवाखान्याचा खर्च आहे त्याला आम्ही उपदेश करणार नाही. पण मुशीत जाण्यापूर्वी वस्तू काय आहे हे तरी कळावं.

पहिल्याच सहा चमच्यांनी वडिलांचा हिशेब बिघडवला. सहाही एकसारखे, दांडा सारंगीच्या आकाराचा, वजनाला दणकट. पाठीमागे बारीक ठसे होते, दिसायला अगदी सरकारी. भिंगातून पाहिलं तर चौकोनात एकेक अक्षर : ई, पी, एन, एस. याचा अर्थ निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि ज्यांना चांदी परवडत नव्हती त्या घरांत चांदीची चमक पोहोचली. आतला धातू तोच, ज्याला आपल्या बायका जर्मन सिल्व्हर म्हणतात. तांबं, जस्त आणि निकेल. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदीचा कणही नसतो. चमचा टेबलावर जिथे टेकतो तिथे मुलामा उडून पिवळट धातू दिसत होता. म्हणजे दीडशे ग्रॅम तिथेच गेले. वडील काही बोलले नाहीत, पण पाण्याचा तांब्या आमच्याकडे सरकवला.

खऱ्या विलायती चांदीची ओळख सोपी आहे, डोळा मात्र बसावा लागतो. चालणारा सिंह, एक पंजा उचललेला, हा शुद्धतेचा ठसा. हजारात ९२५ भाग चांदी. त्याच्या शेजारी शहराचा ठसा : लंडनला बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमला नांगर (शेतातला नव्हे, जहाजाचा), शेफील्डला मुकुट. मग एक अक्षर, ते वर्ष सांगतं. लंडनमध्ये हे वीस अक्षरांचं चक्र असे आणि प्रत्येक चक्राला अक्षराचं वळण बदलत असे. १७८४ पासून १८९० पर्यंत यात आणखी एक ठसा असायचा, कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं मुंडकं. इथे एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. चारही जुन्या पद्धतीचे ठसे आहेत आणि मुंडकं डावीकडे बघतंय, तर ती व्हिक्टोरिया राणी, म्हणजे १८३७ नंतरचं काम. उजवीकडे बघत असेल तर बहुधा तिच्या आधीचा राजा. शेवटी बनवणाऱ्याची आद्याक्षरं.

असे ठसे चार लहान चमच्यांवर मिळाले. सिंह, नांगर, राणी. बर्मिंगहॅमचा माल. सुबक, पण दुर्मीळ नव्हे. असे चमचे त्या कारखान्यांतून ढिगाने निघाले आणि जगभर गेले. जुना बाजार त्यांना चांदीच्या वजनापेक्षा फार जास्त देत नाही. हे आम्ही मुलीला स्पष्ट सांगितलं, कारण ‘शंभर वर्षांचं म्हणजे लाखाचं’ हा गैरसमज आजकाल फार फोफावला आहे.

नंतरचे दोन मोठे चमचे पाहून मात्र आम्ही भिंग खाली ठेवून चहा मागितला.

दोन्हींच्या वाटीत द्राक्षं, नासपती आणि पानं आतून बाहेर ठोकून उठवलेली, वाटीला सोन्याचं पाणी, दांड्यावर वेलबुट्टी. इंग्रजीत यांना बेरी स्पून म्हणतात, फळं वाढण्याचे चमचे. ही नक्षी अस्सल व्हिक्टोरिया काळाच्या आवडीची : मोकळी जागा दिसली की भरून काढा. पण ठसे पाहा. मुंडकं उजवीकडे बघतंय आणि बिबट्याच्या डोक्यावर मुकुट आहे. लंडनच्या बिबट्याचा हा मुकुट १८२१ नंतर नाहीसा झाला. म्हणजे चमचा दोनशे वर्षांहून जुना आणि नक्षी त्यानंतरची. हे असं अनेकदा व्हायचं. आजोबांच्या काळचे साधे, गुळगुळीत चमचे नातवंडांना जुनाट वाटू लागले, तेव्हा ते कारागिराकडे देऊन त्यांवर फळं-पानं उठवून घेतली गेली. काही संग्राहक यामुळे नाक मुरडतात, त्यांच्या मते ही मूळ वस्तूची खराबी. आम्हाला तसं वाटत नाही. चांदी आटवून नवं घडवण्याऐवजी कुणीतरी जुन्याच चमच्याला नवा अंगरखा शिवला, एवढंच. त्या लोकांनीही मूस टाळली होती, हे आम्ही वडिलांना ऐकवलं. ते हसले.

एक चमचा अम्मीने वेगळ्या चिंधीत बांधून ठेवला होता. “हा बुतवाला,” त्या म्हणाल्या. दांड्याच्या टोकाला दाढीवाला एक लहानसा माणूस उभा, हातात किल्ली. तो संत पीटर. इंग्रजांत बाळाच्या बाप्तिस्म्याला असा चमचा भेट देण्याची जुनी चाल होती, हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्या बारा शिष्यांपैकी एकाची आकृती त्यावर असे. कुरआनने ज्यांना हवारी म्हटलं आहे तेच हे. व्हिक्टोरियाच्या काळात ही फॅशन पुन्हा आली आणि हे चमचे नव्याने भरपूर घडवले गेले. महाराष्ट्रात बारशाला चांदीची वाटी-चमचा देतात, तोच भाव. आपल्याकडे सातव्या दिवशी अकीका होतो, बाळाचे केस उतरवतात आणि त्या केसांच्या वजनाची चांदी सदका म्हणून देतात. चांदी तिन्ही ठिकाणी आहे, फक्त जाते वेगवेगळ्या हातांत. अम्मीला आकृतीची अडचण वाटते, ती योग्यच आहे, आणि तो चमचा कुणाला द्यायचा तर खुशाल द्यावा.

उरले चार. शिंपल्याच्या आकाराचा, आखूड दांड्याचा एक, तो चहाच्या पेटीतला. चहा महाग होता तेव्हा साहेबाच्या घरी तो कुलुपात असे, आणि पत्ती मोजून काढायला हा चमचा पेटीतच राहायचा. दुसऱ्याची वाटी म्हणजे चक्क राणीछाप रुपया, ठोकून खोलगट केलेला, आणि त्याला पिळाचा दांडा जोडलेला. हे विलायतेचं काम नव्हे, आपल्याच एखाद्या सोनाराचं. कलदार रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. सोनाराला घरबसल्या खात्रीची चांदी मिळायची, त्यामुळे रुपये आटवून दागिने करणं हा नेहमीचा मामला होता. इथे त्याने रुपया आटवला नाही, राणीचा चेहरा वाटीच्या तळाशी तसाच ठेवला. मुलीला हाच सगळ्यात आवडला होता.

शेवटचे दोन जाळीचे. चांदीच्या तारा पिळून, वळवून, पानाफुलांत बसवलेल्या. दादीने ते ‘विलायती’ म्हणून सांगितले, पण आम्हाला ते करीमनगरचे वाटले. करीमनगरच्या तारकामाला २००७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तिथले कारागीर पानदान, अत्तरदाण्या, डब्या यांच्याबरोबर चमचेही करत आले आहेत. तेव्हा करीमनगर आणि हिंगोली एकाच हैदराबाद संस्थानात. यांवर ठसा नाही आणि त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. हिंदुस्थानात चांदी तपासून ठसा मारणारी सरकारी कचेरीच तेव्हा नव्हती. कलकत्त्याची हॅमिल्टन कंपनी, मद्रासची पी. ऑर अशा बड्या दुकानांनी स्वतःचे ठसे पाडले, हॅमिल्टनच्या मालावर हत्ती दिसतो. भुजच्या उमरसी मावजीच्या कामावर त्याची आद्याक्षरं असतात. बाकीच्या हजारो कारागिरांनी काहीच मारलं नाही. आपल्याकडे चांदीला सरकारी हॉलमार्क सुरू झाला तो २००५ मध्ये. म्हणून ठसा नाही म्हणजे खोटं, असं सांगून कुणी कमी भाव देऊ लागला तर कसोटीचा दगड पुढे करायला सांगावं.

किचनच्या काट्यावर अकरा चमचे भरले, पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. सराफाच्या चारशेपेक्षा बरेच कमी. त्यातही फळांचे दोन आणि जाळीचे दोन हे मोडीच्या भावाला देण्यासारखे नाहीत, कारण मोडीत नक्षीचे पैसे मिळत नाहीत, उलट घट कापतात. तारकामात डाग असतो, तिथे तर जास्तच.

आता मुलीचे इतर प्रश्न. खाण्यापिण्यासाठी सोन्या-चांदीची भांडी वापरायला हदीसमध्ये मनाई आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत. हजरत हुजैफा रजि. मदाइनमध्ये असताना त्यांनी पाणी मागितलं, चांदीच्या प्याल्यात आलं, आणि त्यांनी तो प्याला फेकून दिला, असं त्यात येतं. चमचाही त्यातच धरला जातो. घरात नुसतं शोभेसाठी किंवा संग्रह म्हणून ठेवण्याबाबत फुकहांमध्ये मतभेद आहेत : हनफी फिकहमध्ये वापर न करता ठेवायला मुभा दिलेली आढळते, इतर अनेकांनी ठेवणंही नापसंत केलं आहे. आपण ज्यांना मानतो त्या आलिमांना विचारावं. मुलाम्याच्या चमच्यांचा प्रश्न निराळा आहे, तोही त्यांनाच विचारावा.

जकातीचं सोपं. वस्तू जुनी असो, नक्षीची असो, संग्रहातली असो, चांदी ती चांदी. निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. या डब्यातली चांदी एकटी तिथपर्यंत पोहोचत नाही. पण ज्याच्या वाट्याला ती जाईल त्याच्या घरातलं सोनं, रोकड, बँकेतली रक्कम हे सगळं मिळून हिशेब करायचा असतो, आणि मग चाळिसावा हिस्सा. कपाटात काचेमागे ठेवलेली चांदी लोक या हिशेबातून विसरतात. ई.पी.एन.एस.वर, ती विक्रीसाठी नसेल तर, काही नाही.

हे सगळं झाल्यावर आम्ही वडिलांना विचारलं, “वाटणी कशी करणार?”

“वाटणी कसली? अम्मीला विचारून मी आणि भाऊ.”

“आणि बहीण?”

ते म्हणाले, “ती कधी काही मागत नाही.” हे वाक्य आम्ही मराठवाड्यात आणि मराठवाड्याबाहेर इतक्या घरांत ऐकलं आहे की त्याचं आता आश्चर्य वाटत नाही. शेतीच्या वेळी ऐकलं आहे, घराच्या वेळी ऐकलं आहे, आता चमच्यांच्या वेळी ऐकलं. न मागणं म्हणजे सोडून देणं नव्हे. सूरह निसाने हिस्से ठरवून दिले आहेत. या घरात बेवा, दोन मुलगे, एक मुलगी. बेवाचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. मालमत्तेचे चाळीस भाग केले तर अम्मीचे पाच, दोघा भावांचे चौदा-चौदा, बहिणीचे सात. डब्यातले मुलाम्याचे चमचेसुद्धा यात येतात, कारण ती मालमत्ताच आहे, किंमत कितीही असो.

पण चमचा चाळीस भागांत कापता येत नाही. यावर दोन रस्ते आहेत. एक, सगळ्यांच्या समोर प्रत्येक वस्तूची किंमत ठरवायची, ज्याला जे हवं त्याने ते घ्यायचं आणि बाकीच्यांना फरक द्यायचा. दुसरा, ज्याला फिकहमध्ये तखारुज म्हणतात : एखादा वारस आपल्या खुशीने ठरलेली एक वस्तू किंवा रक्कम घेऊन उरलेल्यातून बाजूला होतो. अट एकच, त्याला काय सोडतो आहे ते पुरतं ठाऊक असावं. ज्या बहिणीला डबा उघडल्याचंच माहीत नाही, तिची खुशी कशी धरणार? चांदीच्या बदल्यात रक्कम देताना काही बारकावे आहेत, ते मुफ्तीसाहेबांकडून समजून घ्यावेत.

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून फुफूने पहिला प्रश्न केला, “किती निघाले?” सतरा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “अठरावा माझ्याकडे आहे. रुपयाचा. माझा थोरला झाला तेव्हा अब्बांनी दिला होता.”

म्हणजे रुपयाच्या चमच्यांची जोडी होती. दादाजानने हयातीत लेकीला स्वतःच्या हाताने दिलेला तो चमचा हिबा झाला, तो तिचाच, वाटणीत येत नाही आणि तिच्या सात भागांतून कापलाही जात नाही. चाचांना फोनवर हे पटवायला थोडा वेळ लागला. मग फुफू म्हणाल्या, त्या येऊन चमचे बघतील आणि मग सांगतील काय हवं ते. तोपर्यंत सराफ नाही. आम्ही निघेपर्यंत एवढंच ठरलं होतं.

मुलीला संग्रहाचा नाद लागला आहे असं दिसतं, म्हणून तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी थोडं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर पाहावं. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावे संग्रहालय केलं. राजामहाराजांच्या वस्तूंपेक्षा स्वयंपाकघरातल्या वस्तू जास्त बोलतात हे तिथे कळतं. हैदराबादला सालारजंग आहे, १९५१ मध्ये उघडलेलं. नवाब मीर यूसुफ अली खान यांनी विलायती आणि देशी असा भेद न करता जमवलं, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची सवय तिथे लागते. विकत घ्यायचंच असेल तर मुंबईचा चोरबाजार, मटन स्ट्रीट. जुम्म्याला तिथली दुकानं बंद आणि रस्त्यावरचा बाजार चालू असतो. मुलाम्याला चांदी म्हणून विकणारे तिथे आहेत, तसे प्रामाणिकही. भिंग खिशात असावं. आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी नातेवाइकाला भेट म्हणून धाडायची झाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो, परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. दुबईच्या सामानात कपड्यांखाली घालून पाठवू नये.

मुलीने आम्हाला विचारलं होतं, हे चिंच लावून चकचकीत करू का. नाही. चिंच, राखुंडी, टूथपेस्ट यांनी ठसे झिजतात, आणि ठसा गेला की ओळख गेली. नक्षीच्या खाचांतली काळी छटा राहू द्यावी, तिच्यामुळेच द्राक्षं उठून दिसतात. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ कापड, आणि लगेच कोरडं करणं, एवढं पुरे. जाळीच्या चमच्यांना ब्रशही लावू नये. अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि सोडा घालून गरम पाण्यात बुडवण्याची जी कृती फिरते, ती सोन्याचं पाणी दिलेल्या वाट्यांना लावू नये. ठेवताना प्रत्येक चमचा वेगळ्या मलमलच्या तुकड्यात गुंडाळावा. वर्तमानपत्र नको. आणि त्या सहा चमच्यांना जे रबर बांधलेलं आहे ते आधी सोडावं. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, तिथे आडवा पट्टा उमटलेला आम्ही पाहिला.